शून्याची नोंद

पावसाळ्यात तुमच्यापैकी काही जण सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या गावी गेले असतील. काही जण तर तिथेच राहत असतील. त्या दिवसांत डोंगरावरून जागोजागी पांढरे पाणी खाली उतरत असते. देशावर त्याला ओढा म्हणतात, ओहोळ म्हणतात. कोकणात त्यालाच वहाळ किंवा पऱ्या म्हणतात. नाव कोणतेही असो, या लहानशा प्रवाहांतूनच पुढे मोठ्या नद्या तयार होतात.

हे नुसते वाहते पाणी नसते. त्याच्या आश्रयाने एक सबंध वस्ती राहत असते. दगडाखाली खेकडे असतात. पाण्यात चतुरांची पिल्ले वाढत असतात. मोठी झाली की ती पंख घेऊन हवेत उडतात. काठच्या झाडीत मलबारी कस्तुर नावाचा काळसर निळा पक्षी पहाटे शीळ घालतो. त्याची शीळ अगदी माणसाने घातल्यासारखी वाटते. म्हणून इंग्रजांनी त्याला ‘शीळ घालणारा शाळकरी मुलगा’ असे गमतीदार नाव दिले होते. आणि अंधार पडला, की ओल्या खडकांच्या फटींतून बेडूक बोलू लागतात.

या वस्तीत कोण कोण राहते, किती संख्येने राहते, ती संख्या वाढते आहे की घटते आहे, हे कसे कळणार? माणसांची जशी जनगणना होते, तशी या प्राण्यांचीही मोजणी करावी लागते. पण पश्चिम घाट सुमारे १६०० किलोमीटर लांब आहे. त्यातल्या ओढ्यांची संख्या फार मोठी आणि शास्त्रज्ञांची संख्या फार थोडी. एका शास्त्रज्ञाला एका रात्री एकाच ओढ्यावर बसता येते. म्हणून जगात अनेक ठिकाणी हे काम सामान्य माणसांच्या मदतीने केले जाते. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी असे कोणीही त्यात भाग घेऊ शकतात. त्यांना पगार मिळत नाही. ते आपल्या खुशीने येतात, ठरलेल्या रीतीने पाहतात आणि पाहिलेले लिहून देतात. याला नागरिक विज्ञान असे म्हणतात.

अशा कामात तुम्हीही भाग घ्यावा, असे माझे मत आहे. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हांला सांगितली पाहिजे. ती मी स्वतः चूक करून शिकलो.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो. आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी सह्याद्रीतल्या एका ओढ्याची पाहणी ठरवली होती. जुलै महिना होता. आम्ही तिघे मित्र मोठ्या उत्साहाने गेलो. दोरीने मोजून ओढ्याचा शंभर मीटरचा भाग आम्हांला नेमून दिला होता. साडेसात वाजता सुरुवात करायची. सुरुवातीला पाच मिनिटे अगदी गप्प उभे राहून ऐकायचे. मग विजेरीच्या उजेडात काठाकाठाने हळूहळू पुढे जायचे. कोणत्याही प्राण्याला हात लावायचा नाही. जे दिसेल आणि जे ऐकू येईल, ते छापील तक्त्यात लिहायचे. ठिकाण, तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, पाऊस होता की नव्हता, पाणी किती थंड होते, प्राण्याचे नाव, संख्या, असे त्या तक्त्याचे रकाने होते. शेवटच्या रकान्यात ‘पाहून ओळखला की ऐकून’ हेही लिहायचे होते.

आम्ही दीड तास फिरलो. पायाला जळवा लागल्या. कपडे भिजले. खेकडे दिसले, कोळी दिसले. पण ज्या बेडकासाठी आम्ही गेलो होतो, तो काही दिसला नाही. त्याचा आवाजही ऐकू आला नाही. शेजारच्या गटाला मात्र तो सापडला होता. त्यांचे हसणे-बोलणे आमच्यापर्यंत येत होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले. इतक्या लांब येऊन, इतके भिजून, रिकाम्या हाताने परत जायचे? मी बेडकाच्या नावापुढे ‘२’ हा आकडा लिहून टाकला. दोन काही फार नव्हेत, असा विचार मी केला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळे तक्ते तपासले. माझ्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे दोन बेडूक कुठे पाहिलेस? दगडावर होते की पानावर?”

मला उत्तर देता येईना. मान खाली घालून मी खरे काय ते सांगितले.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खोडरबरही घेतले नाही. त्यांनी ‘२’ या आकड्यावर एक आडवी रेघ मारली. खालचा आकडा तसाच वाचता येत होता. शेजारी त्यांनी ‘०’ लिहिले आणि मला तिथे सही करायला सांगितले. मग त्या म्हणाल्या, “बेडूक दिसला नाही, यात तुझा काही दोष नाही. न दिसलेला बेडूक लिहिलास, हा दोष. आणि चूक पुसायची नसते. सगळ्यांना दिसेल अशी दुरुस्त करायची असते.”

त्या दिवशी मला वाईट वाटले. आज मात्र वाटते, की त्या पाहणीत मी ओढ्याला दिलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ते शून्यच होते.

तुम्ही विचाराल, शून्यात एवढे मोल कसले? काहीच न सापडणे म्हणजे फेरी फुकट जाणेच नव्हे का?

याचे उत्तर नीट समजून घ्या. तक्त्यातला रकाना कोरा सोडणे आणि त्यात शून्य लिहिणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कोरा रकाना सांगतो, की इथे कोणी पाहिलेच नाही. शून्य सांगते, की इथे तीन माणसांनी दीड तास शोधले आणि प्राणी आढळला नाही. पहिल्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात माहिती आहे. शून्याला उर्दूत सिफर म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. भारतीय गणितातले शून्य अरब विद्वानांनी घेतले आणि त्याला सिफर हे नाव दिले. याच शब्दापासून पुढे इंग्रजीतला ‘झीरो’ हा शब्द आला. सिफर या शब्दाचा मूळ अर्थ ‘रिकामे’ असा आहे. पण पाहणीच्या तक्त्यातले शून्य रिकामे नसते. त्याच्यामागे कोणाची तरी एक ओली रात्र असते.

अर्थात एका शून्यावरून काही सिद्ध होत नाही. त्या रात्री पाऊस कमी झाला असेल, थंडी असेल, किंवा आम्हीच फार गडबड केली असेल. म्हणूनच वेळ, पाऊस, पाण्याची थंडी हे सारे लिहायचे असते. पण त्याच जागी, त्याच महिन्यात, त्याच रीतीने दरवर्षी मोजले, तर आकड्यांची एक रांग तयार होते. त्या रांगेत शून्य कधी आले आणि मग किती वर्षे टिकले, यावरून पुष्कळ काही कळते.

याचे एक उदाहरण आपल्या देशापासून फार दूरचे आहे, पण ते सांगण्यासारखे आहे. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटा देश आहे. तिथल्या मोंटेव्हर्दे भागातील डोंगरांवर ढगांनी वेढलेले दाट जंगल आहे. त्या जंगलात सोनेरी भेक नावाचा प्राणी राहत असे. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद. त्यातला नर झगझगीत नारिंगी रंगाचा होता. वर्षातून काही दिवसच हे भेक पाण्याच्या लहान डबक्यांजवळ जमत. मार्था क्रम्प नावाच्या संशोधक बाई तिथे त्यांची मोजणी करीत होत्या. १९८७ मध्ये पंधराशेहून अधिक भेक दिसले. १९८८ मध्ये त्याच नेहमीच्या जागी फक्त एक दिसला. १९८९ मध्ये पुन्हा एकच. त्यानंतर लोक शोधत राहिले, पण आकडा शून्यच राहिला. अखेर २००४ मध्ये ही जात नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले.

बदलते हवामान आणि बेडकांच्या कातडीला होणारा एक बुरशीचा रोग, ही या नाशाची कारणे मानली जातात. त्या बुरशीचा माग पुढे जगभर घेतला गेला. ती आपल्या पश्चिम घाटातही आढळली आहे. आता विचार करा. १९८८ मध्ये कोणी शरमेने एकाऐवजी ‘दोनशे’ लिहिले असते तर? किंवा ‘यंदा काही दिसत नाही’ म्हणून मोजणीच सोडून दिली असती तर? तो सोनेरी प्राणी तरीही गेलाच असता. पण तो केव्हा गेला, किती झपाट्याने गेला, हे जगाला कळले नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की अशा कामात सर्वांत मोठा गुण तीक्ष्ण नजर हा नाही. प्राण्यांची शंभर नावे पाठ असणे हाही नाही. सर्वांत मोठा गुण म्हणजे प्रामाणिकपणा. उर्दूत आपण त्याला ईमानदारी म्हणतो. ज्याला ‘दिसले नाही’ आणि ‘मला ओळखता आले नाही’ ही दोन वाक्ये न लाजता लिहिता येतात, तो चांगला स्वयंसेवक.

काही लोक म्हणतात, “ही हौशी माणसे आणि मुले जे लिहितात, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ती चुकतात.” या शंकेत तथ्य आहे. हौशी माणूस चुकतो, मीही चुकलो. पण चुकीवर उपाय आहेत. दोघांनी मिळून पाहावे. शक्य असेल तेव्हा छायाचित्र काढावे. ज्याची खात्री नाही, त्याचे नाव लिहू नये. जाणकार माणसाने तक्ते तपासावेत. असे केले, तर सामान्य माणसांच्या नोंदींतून केवढे मोठे काम उभे राहते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. त्यासाठी सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. एवढे काम कोणत्याही एका संस्थेच्या पगारी माणसांना करता आले नसते. आणि या कामातही एक नियम महत्त्वाचा मानतात : आवडलेल्या पक्ष्यांचीच नावे लिहू नका, ओळखलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी द्या. यादी पूर्ण असली, म्हणजे तिच्यात कोण नाही, हेही कळते. तिथेही शून्याचे महत्त्व आहेच.

दुसरे काही लोक म्हणतात, “हे परदेशी लोकांचे छंद आहेत. आपल्याला काय करायचे?” हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. निसर्ग पाहून लिहून ठेवण्याची आवड आपल्या देशात जुनी आहे. बादशाह बाबराने ‘बाबरनामा’ या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या पशुपक्ष्यांचे वर्णन केले आहे. इथला बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून काही गज धावत जातो, हेसुद्धा त्याने लिहून ठेवले. पाण्यावरून असा टणाटण पळणारा बेडूक आजही आपल्या डबक्यांत आणि तळ्यांत दिसतो. बाबराचा पणतू जहांगीर याने लैला आणि मजनू नावाची सारस पक्ष्यांची जोडी पाळली होती. त्यांनी अंडी केव्हा घातली, पिल्ले किती दिवसांनी बाहेर आली, याची नोंद त्याने आपल्या आठवणींत केली आहे. राज्यकारभार सांभाळून ज्यांना हे सुचले, त्यांच्या देशातल्या मुलांना हे काम परके का वाटावे?

आणि अगदी अलीकडचे, आपल्या महाराष्ट्रातले नाव हवे असेल, तर तेही आहे. मुंबईचे हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) हे नामवंत पक्षितज्ज्ञ होते. थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या नात्यातले. बेडकांच्या तंगड्या परदेशात पाठवण्याचा व्यापार त्या काळी भारतात चालत असे. त्यासाठी बेडूक मोठ्या संख्येने मारले जात. बेडूक शेतातले किडे खातो. तो गेला, तर कीड वाढते. अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये या निर्यातीविषयी सविस्तर लेख लिहिला. १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. त्यांचे नाव एका बेडकाला दिलेले आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’. ते १९५५ मध्ये ठेवले गेले. हा बेडूक सह्याद्रीतल्या ओढ्यांवर राहतो. तो रात्री बाहेर पडतो. त्याच्या अंगावर सुरकुत्या असतात. त्याची मादी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले टपटप खालच्या पाण्यात पडतात. म्हणजे या बेडकाला नुसते पाणी पुरत नाही. पाण्यावर झुकलेली झाडीही लागते. काठची झाडी तोडली, की त्याचे घर मोडते.

त्या रात्री आम्ही शोधत होतो, तो हाच बेडूक.

आता एक शेवटची गोष्ट. माझ्या आजोळच्या गावातून एक ओहोळ वाहतो. लहानपणी रात्री तिथल्या बेडकांच्या आवाजाने झोप लागत नसे. पुढे त्या ओहोळातले मोठे दगड काढून पात्र सरळ करण्यात आले. काठची झाडे गेली. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती आल्या. रात्री शांत झाल्या. वरच्या बाजूचा उरलेला भागही तसाच बांधायचे ठरले, तेव्हा गावात बैठक झाली. काही म्हातारी माणसे उठून म्हणाली, “साहेब, इथे पूर्वी पुष्कळ बेडूक होते, पुष्कळ खेकडे होते. वरचा भाग तरी राहू द्या.” आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारले, “पुष्कळ म्हणजे किती? कोणत्या वर्षी? कोणी मोजले होते का?”

सगळे गप्प बसले. मीही त्या बैठकीत होतो. अधिकाऱ्यांचा प्रश्न चुकीचा होता, असे मला म्हणता येत नाही. चूक आमची होती. इतक्या पिढ्या त्या ओहोळाच्या काठी राहिल्या, पण कोणाकडे एका कागदावर एक आकडा नव्हता. बेडूक होते तेव्हा कोणी मोजले नाही, म्हणून ते गेल्याचे सिद्धही करता आले नाही. वरच्या भागातही भिंती आल्या.

म्हणून मी तुम्हांला सांगतो, आपल्या जवळच्या ओढ्याचा हिशेब ठेवायला लागा. जवळपास एखादी पाहणी होत असेल, तर शिक्षकांमार्फत तिच्यात नाव द्या. होत नसेल, तर एक वही घाला. मुलांनी घालावी, मुलींनीही घालावी. एकच ठिकाण ठरवा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेला वेळ तिथे थांबा. जे दिसेल ते लिहा. नाव माहीत नसेल, तर रंग, आकार आणि आवाज लिहा. ज्या प्राण्याला शोधत होता तो दिसला नाही, तर शून्य लिहा. चुकलात, तर एक रेघ मारून दुरुस्त करा.

मात्र काही नियम पाळा. पावसाळ्यात डोंगरावर पाऊस पडला, की खाली ऊन असले तरी ओढ्याला एकाएकी लोंढा येतो. म्हणून एकट्याने कधीही जाऊ नका. आईवडिलांना सांगून आणि मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच जा. पाणी गढूळ होऊ लागले किंवा चढू लागले, की ताबडतोब काठावरून दूर व्हा. रात्रीची पाहणी जाणकारांशिवाय करू नका. सकाळी पाहण्यासारखेही पुष्कळ असते. दगड उलटला, तर तो हळूच पुन्हा तसाच ठेवा. त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट आणि चपला स्वच्छ धुऊन वाळवा. म्हणजे बेडकांचा रोग आपल्या पायांनी पसरणार नाही.

कदाचित तुमच्या वहीत पहिली दोन-तीन पाने साधीच असतील. चार खेकडे, एक चतुर, बेडूक शून्य. मित्र हसतील. हसू द्या. उद्या तुमच्या गावच्या ओढ्याविषयी बैठक होईल आणि कोणी विचारील, “पुष्कळ म्हणजे किती?” तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी उठून वही पुढे ठेवली पाहिजे. त्या वहीतल्या प्रत्येक आकड्यावर आणि प्रत्येक शून्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे. माझ्या आजोळच्या लोकांकडे अशी वही नव्हती. तुमच्याकडे ती असावी, एवढेच माझे सांगणे आहे.